डीटीएचच्या जुन्या छत्रीवर आकाशगंगा पकडता येते का?

तुम्ही विचारलंय की घरात पडलेली डीटीएचची छत्री वापरून कमी पैशात रेडिओ खगोलशास्त्र, म्हणजे आकाशातून येणाऱ्या रेडिओ लहरी पकडणं, जमेल का. भाऊ, सूर्यापुरतं जमेल. आकाशगंगेसाठी ती नको, तिचा एलएनबी (छत्रीसमोरचा सिग्नल पकडणारा डबा) 10.7 ते 12.75 गिगाहर्ट्झचा असतो आणि आकाशगंगेतला हायड्रोजन वायू रेडिओ लहरी सोडतो 1420.4 मेगाहर्ट्झवर, म्हणजे 21 सेंटीमीटर तरंगलांबी.

सूर्य मात्र करूनच बघा. छत्री आणि जुन्या सेट टॉप बॉक्सच्या मधे सॅट फाइंडर मीटर (सिग्नलचा जोर दाखवणारा काटा) जोडायचा (एलएनबीला करंट बॉक्सच देतो) आणि छत्री सूर्याकडे फिरवली की काटा चढतो. भिंतीकडे धरली तरी चढतो, भिंतपण गरमच असते ना आणि गरम वस्तू रेडिओ लहरी सोडते, आपल्याकडे मे महिन्यात तर विचारूच नका. मार्चच्या आणि ऑक्टोबरच्या सुमारास दिवसा काही मिनिटं टीव्हीचं चित्र तुटतं ते पण यामुळेच, सूर्य बरोबर सॅटेलाइटच्या मागे येतो.

हायड्रोजनसाठी मी हॉर्न, म्हणजे नरसाळ्यासारखी अँटेना, केला, केळीच्या खोक्यांचा! आमच्या जळगाव भागात पुठ्ठ्याची कमी नाही. चार पाकळ्या कापल्या, तोंड 75 बाय 60 सेंटीमीटर, आतून किचनची अॅल्युमिनियम फॉइल चिकटवली आणि जोडांवर अॅल्युमिनियमची टेप, कारण फॉइलला फॉइल टेकली नाही तर सगळी मेहनत वाया. मागे थिनरचा चौकोनी पत्र्याचा डबा. मी आधी 15 किलो तेलाचा डबा घेतला होता पण तो जास्त रुंद पडतो, रुंदी साडेदहाच्या वर आणि 21 सेंटीमीटरच्या आत पाहिजे. माझा थिनरचा डबा 17 चा निघाला, मग तळापासून पावणेसात सेंटीमीटरवर रुंद बाजूच्या मधोमध भोक पाडून आत सव्वापाच सेंटीमीटर तांब्याची तार उभी केली, हीच खरी अँटेना, बाकी सगळं नरसाळं.

आता पैशाचं. पत्रा, पुठ्ठा, टेप किरकोळ आहे, खर्च करा तो 1420 च्या फिल्टरवाल्या लो नॉइज अॅम्प्लिफायरवर (बारीक सिग्नल मोठा करणारा) आणि एसडीआर डोंगलवर (लॅपटॉपला यूएसबीने जोडायचा रेडिओ). आणि अॅम्प्लिफायर डब्यालाच चिकटून लावा. मी तो खाली लॅपटॉपजवळ ठेवला आणि गच्चीवरून दहा मीटर केबल खाली सोडली, आठ दिवस नुसता खरखराट बघत बसलो, सिग्नल केबलमधेच मरत होता. लॅपटॉपपण चार्जर काढून बॅटरीवर चालवायचा, चार्जरचा खरखराट नको.

स्क्रीनवर टोकदार सुई येईल असं वाटत असेल तर तसं नाही. एक बुटका उंचवटा येतो आणि तोही पाच-दहा मिनिटं अॅव्हरेज केल्यावर, शिवाय आकाशगंगेपासून लांबच्या आकाशाचं रीडिंग वजा करावं लागतं. हायड्रोजनचे ढग आपल्याकडे येतात किंवा लांब जातात, सेकंदाला 1 किलोमीटर वेगामागे हायड्रोजनची रेषा (म्हणजे तो 1420.4 चा सिग्नल) साधारण 4.7 किलोहर्ट्झ सरकते, म्हणून ती पसरट दिसते. बाकी हा पट्टा, 1400 ते 1427 मेगाहर्ट्झ, खगोलशास्त्रासाठी राखीव आहे, तिथे कुणीच प्रक्षेपण करायचं नाही असा जगभरचा नियम आहे, म्हणून भरवस्तीत पण काम होतं.

पोळ्याच्या आसपास रात्री नऊ-दहाला हंस तारकासमूह जवळजवळ डोक्यावर असतो, हॉर्न उभा धरून उत्तरेकडे वीसेक अंश कलवा, बीम, म्हणजे हॉर्नला दिसणारा आकाशाचा तुकडा, तेवढाच रुंद आहे, पृथ्वी हॉर्नला आपोआप फिरवते. ढग असले तरी चालतं. पाऊस नाही चालत, माझा पहिला हॉर्न एका सरीत लगदा झाला. तसं 1951 ला हार्वर्डमधे युएन आणि पर्सेल या शास्त्रज्ञांनी ही रेषा पहिल्यांदा पकडली ती पण खिडकीबाहेर काढलेल्या प्लायवूडच्या हॉर्ननेच, आणि पावसाचं पाणी त्यातून त्यांच्या लॅबमधे यायचं म्हणे.

तुमच्याकडे कुठला डबा आहे त्याची रुंदी मोजून टाका, तार तळापासून किती अंतरावर लावायची ते काढून देतो.