हेक्समच्या दगडी घरात ११,२०० पौंडांचा बंब बसवावा का?

प्रश्न: आम्ही इंग्लंडमध्ये नॉर्थंबरलँडला, हेक्समपासून आठ मैलांवरच्या गावात राहतो. दोघेही नोकरीला, मुलगी सात वर्षांची. घर जुने, दगडी, तीन बेडरूमचे; बैठकीची खोली साडेचार बाय चार मीटर, छत २.४ मीटर. गावात गॅसची लाइन नाही. तेलाचा बॉयलर १९ वर्षांचा झाला आहे आणि वर्षाला साधारण २,००० लिटर तेल लागते. मागच्या वेळी ६८ पेन्स लिटरने भरले. एका इन्स्टॉलरने १६ किलोवॉटचा मल्टीफ्यूएल, म्हणजे लाकूड-कोळसा दोन्ही जाळणारा बॉयलर स्टोव्ह (११ किलोवॉट पाण्याला, ५ खोलीला), गरम पाणी साठवणारी २१० लिटरची थर्मल स्टोअर टाकी आणि चिमणीचा लायनर (आतून बसवायची धातूची नळी) मिळून ११,२०० पौंडांचे कोटेशन दिले आहे. निम्मे रोख द्यायचे, निम्मे ९.९ टक्क्यांनी पाच वर्षांच्या कर्जावर. शेजारचा शेतकरी ताजे तोडलेले लाकूड ८० पौंडाला घनमीटर देतो. बचत १४,५०० पौंड, महिन्याचा खर्च २,९००. २०२१ मध्ये आर्वेन वादळानंतर या भागात कितीतरी दिवस वीज नव्हती, त्यामुळे घरात स्वतःची आग असावी असे वाटते. पाच-सहा वर्षांत साताऱ्याला परतायचे मनात आहे. कोटेशन आणि ईपीसी (घराच्या ऊर्जा कार्यक्षमतेचा दाखला) सोबत जोडले आहेत. आई म्हणते, हा तर आपला बंबच. घ्यावा का?

उत्तर: माझ्या मते हा स्टोव्ह घेऊ नका. वीज गेल्यावर आग हवी ही तुमची गरज मात्र खरी आहे. ती साध्या, बॉयलर नसलेल्या छोट्या स्टोव्हने, साधारण पाव खर्चात भागेल.

आधी इंधनाचा हिशेब मांडू. तेलाच्या एका लिटरमध्ये साधारण १०.३ युनिट (किलोवॉट-तास) उष्णता असते. २,००० लिटरमध्ये २०,६०० युनिट. तुमचा जुना बॉयलर त्यातली ८० टक्के घराला देतो असे धरले, तर हातात येतात साधारण १६,५०० युनिट आणि खर्च होतो १,३६० पौंड. म्हणजे युनिटला सव्वाआठ पेन्स.

आता लाकूड. वीस टक्के ओलावा असलेल्या एक किलो लाकडात साधारण ४ युनिट असतात. स्टोव्हची कार्यक्षमता ७५ टक्के धरली की घराला मिळतात ३. तेलाचे ७० टक्के काम लाकडावर न्यायचे तर ११,५५० युनिट हवीत, म्हणजे ३,८५० किलो लाकूड. फोडून सैल टाकलेल्या एक घनमीटर ढिगात वाळलेले कठीण लाकूड साधारण ३५० किलो बसते. तेव्हा वर्षाला ११ घनमीटर लागतील. शेतकऱ्याच्या दराने ८८० पौंड. वाचलेले तेल ९५२ पौंडांचे. राहिले ७२. लाकूड जाळणाऱ्या चिमणीची सफाई वर्षातून दोनदा करावी लागते; एका वेळेला ७५ पौंड धरले तरी १५० होतात. म्हणजे सगळे सुरळीत चालले तरी वर्षाला ७८ पौंड तुमच्याच खिशातून जाणार. भट्टीत वाळवलेले लाकूड १४० पौंडाने घ्यावे लागले, तर हाच तोटा ७३८ पौंडांवर जातो. धूररहित कोळशाचेही वेगळे नाही. २५ किलोची गोणी १५ पौंडाला मिळाली आणि किलोला ८ युनिट धरली, तर हाती येणारे युनिट १० पेन्सला पडते. साधा घरगुती कोळसा हा पर्यायच उरलेला नाही. इंग्लंडमध्ये त्याची पिशवीबंद विक्री मे २०२१ पासून आणि सुटी विक्री मे २०२३ पासून बंद आहे.

शेतकऱ्याचे ८० पौंडांचे लाकूड त्याच वर्षी जाळता येत नाही, हे या हिशेबात अजून धरलेलेच नाही. ताजा ओक किंवा बीच फोडून, वरून झाकून, बाजूंनी वारा लागेल असा रचून दोन पावसाळी-उन्हाळी फेरे काढावे लागतात. अ‍ॅशचे लाकूड थोडे लवकर वाळते. म्हणजे आज स्टोव्ह बसवला तरी पहिले दोन हिवाळे विकतचे सुके लाकूडच जाळायचे. त्याच वेळी पुढच्या दोन वर्षांचे २२ घनमीटर लाकूड साठवायला आडोसा बांधायचा. आणखी एक नियम लक्षात असू द्या: दोन घनमीटरपेक्षा कमी मापात लाकूड विकायचे असेल तर इंग्लंडमध्ये त्याचा ओलावा २० टक्के किंवा त्याखाली असलाच पाहिजे. ओले लाकूड मोठ्या मापातच घेता येते आणि ते वाळवायची जबाबदारी घेणाऱ्याची. ओलावा मोजायचे मीटर वीस-पंचवीस पौंडांत मिळते. ओंडका मधोमध फोडून आतल्या ताज्या बाजूवर सुया टोचायच्या. बाहेरची साल कोरडी दाखवते आणि फसवते.

दिवसाचा हिशेब जास्त बोलका आहे. ३,८५० किलो म्हणजे थंडीच्या २०० दिवसांत रोज १९ किलो. एवढे सरपण रोज शेडमधून आत आणायचे, तासाला पाच किलोहून जास्त घालायचे आणि रोज राख काढायची. कोळसा जाळत असाल तर राख जाळीला टेकू द्यायची नाही, नाहीतर जाळी वितळून वाकते. लाकडाला उलट खाली बोटभर राखेचा थर ठेवायचा. दोघेही नोकरीला असताना ही आग प्रत्यक्षात संध्याकाळी सहा ते दहा एवढीच पेटणार. मुलगी शाळेसाठी उठते त्या वेळी घर तेलावरच गरम होणार.

इथे २१० लिटरच्या टाकीचा प्रश्न येतो. टाकीतले पाणी ४० अंशांवरून ८० अंशांवर नेले तर त्यात जेमतेम १० युनिट साठतात. तुमचा स्टोव्ह पाण्याला ताशी ११ देतो. रेडिएटर बंद असतील तर तासाच्या आत टाकी भरली. तुमच्या तेलाच्या वापरावरून पाहिले तर कडाक्याच्या थंडीतही या घराला एका वेळी बहुधा ६ ते ८ किलोवॉट पुरावेत, आणि ऑक्टोबर किंवा एप्रिलसारख्या सौम्य महिन्यांत दोन-तीन. मग उरलेली उष्णता जाणार कुठे? माणूस हवेची कळ बंद करून आग दाबून ठेवतो. दाबलेली आग धुमसते, काच काळी होते, चिमणीत डांबरासारखा थर बसतो आणि त्यातूनच चिमणीला आग लागते. बॉयलर स्टोव्हमध्ये हे लवकर होते, कारण त्याच्या पोटात पाण्याचे जॅकेट असते आणि ते आगीला मुळातच थंड ठेवते. हे टाळायला १,००० लिटरची टाकी हवी. तिच्यात ४६ युनिट बसतात, पण पाण्याचेच वजन एक टन. ती ठेवायची कुठे आणि खालची जमीन तेवढे पेलते का, हे कोटेशनात नाही.

आईंनी बंबाची आठवण काढली ती अगदी बरोबर आहे. मधून धुराडे, भोवती पाणी, खाली जाळी, सगळी रचना तीच. फरक सुरक्षेचा आहे. बंबात वरून थंड पाणी ओतले की तोटीतून गरम पाणी येते, आणि वरचे तोंड उघडे असल्यामुळे उकळी फुटली तरी वाफ वाटेने निघून जाते. घरभर फिरणाऱ्या पाइपांत ही उघडी वाट मुद्दाम ठेवावी लागते. म्हणून घन इंधनाचा बॉयलर वर उघड्या टाकीच्या आणि व्हेंट पाइपच्या पद्धतीवर चालवतात. बंद, दाबाच्या सिस्टिमला तो जोडायचा तर तशी मान्यता असलेले मॉडेल आणि जास्तीची सुरक्षा साधने लागतात. तुमच्या तेलाच्या बॉयलरवर दाबाचा काटा असेल तर तुमची सिस्टिम बंद प्रकारची आहे आणि स्टोव्ह व तेलाचा बॉयलर सरळ जोडता येणार नाहीत. दोन्हींचे पाणी टाकीतल्या कॉइलने वेगळे ठेवावे लागेल. याबद्दल कोटेशनात ओळही नाही.

आता वीज जाण्याचे, कारण तुमच्या इच्छेचे मूळ तिथेच आहे. आर्वेनसारख्या वादळात वीज गेली की पाणी फिरवणारा पंप बंद पडतो. आग मात्र पेटलेलीच असते. तेव्हा पाणी उकळू नये म्हणून २८ मिलिमीटरच्या जाड पाइपांचा, चढत्या उताराचा, पंपाविना आपोआप फिरणारा मार्ग लागतो आणि त्यावर कायम उघडा असलेला एक ‘हीट लीक’ रेडिएटर लागतो. त्यावर झडप बसवायची नसते. तो स्टोव्हपेक्षा उंच, बहुधा वरच्या मजल्यावर असावा लागतो. एवढे करूनही वीज नसताना ११ किलोवॉटची आग फुलवता येत नाही, छोटीच ठेवावी लागते. म्हणजे ज्या रात्रीसाठी हा खर्च करायचा, त्याच रात्री तो स्टोव्ह मंद ठेवायचा. पाण्याचे जॅकेट नसलेला साधा ५ किलोवॉटचा स्टोव्ह मात्र वीज असो-नसो, सारखाच जळतो.

तुमची बैठकीची खोली साडेचार बाय चार मीटर आणि छत २.४ मीटर असे लिहिले आहे, म्हणजे ४३ घनमीटर. जुन्या दगडी घराला घनमीटरांना १० ने भागतात. ४.३ किलोवॉट. पाचाचा स्टोव्ह बरोबर बसतो. शिवाय अशा जुन्या, थोडी हवा झिरपणाऱ्या घरात ५ किलोवॉटपर्यंत भिंतीला कायमचे भोक पाडावे लागत नाही. त्यावरच्या प्रत्येक किलोवॉटला ५५० चौरस मिलिमीटर उघडे ठेवावे लागते. सोळाच्या स्टोव्हला हे ६,०५० होते, म्हणजे जवळजवळ ९ सेंटिमीटर व्यासाचे भोक, ज्यातून नॉर्थंबरलँडचा वारा बारा महिने आत येणार.

पैशांच्या बाजूने पाहू. तीन महिन्यांचा खर्च म्हणून ८,७०० पौंड हात न लावता ठेवा. उरतात ५,८००. तुमच्या कोटेशनाप्रमाणे ५,६०० रोख गेले की हाती २०० राहतात, आणि दुसऱ्या ५,६०० वर महिन्याला सुमारे ११८ पौंडांचा हप्ता पाच वर्षे, त्यात व्याजच साडेचौदाशेच्या आसपास. तेलाचा १९ वर्षांचा बॉयलर तसाच राहतो आणि उद्या तो बंद पडला तर त्याच्यासाठी वेगळे पैसे नाहीत. पाच-सहा वर्षांत घर विकायचे असेल तर हा स्टोव्ह तुम्ही स्वतःसाठी घेतला आहे असेच धरा. पुढचा घेणारा त्याची पूर्ण किंमत मोजेल, ही आशा हिशेबात धरू नका.

माझा क्रम असा राहील. तुमच्या ईपीसीप्रमाणे माळ्यावर १०० मिलिमीटर इन्सुलेशन आहे. ते २७० पर्यंत न्या आणि दारे-खिडक्यांच्या फटी बुजवा. दमट दगडी भिंतींना मात्र घाईने आतून फोम चिकटवू नका. मग ५ किलोवॉटचा साधा स्टोव्ह लायनरसकट, हेटास-नोंदणीकृत इन्स्टॉलरकडून (हेटास ही घन इंधनाची उपकरणे बसवणाऱ्यांची नोंदणी करणारी संस्था). यासाठी तीन हजार पौंड बाजूला ठेवा, आणि मॉडेलनुसार थोडे कमी-जास्त होईल. लायनरचा ग्रेड, म्हणजे स्टीलचा प्रकार, कोटेशनवर वाचा. तुमच्या हातातल्या कागदावर ३१६ लिहिले आहे. तो फक्त लाकडासाठी. कधी धूररहित कोळसाही जाळणार असाल तर ९०४ मागा. ओले लाकूड आणि कोळसा एकत्र जाळू नका, कारण कोळशातले गंधक आणि लाकडाची वाफ मिळून आम्ल तयार होते आणि ते लायनरला आतून खाते. त्याच खोलीत, स्टोव्हपासून एक ते तीन मीटरवर कार्बन मोनॉक्साइडचा अलार्म बसवलाच पाहिजे. काम झाल्यावर हेटासचे प्रमाणपत्र जपून ठेवा; घर विकताना घेणाऱ्याचा वकील तेच आधी मागतो. घराच्या विमा कंपनीलाही कळवा. पैसे देताना निदान थोडी रक्कम क्रेडिट कार्डने द्या: १०० पौंडांहून जास्त आणि ३०,००० पर्यंतच्या खरेदीत काम फसले तर कार्ड कंपनीही कायद्याने जबाबदार असते.

तेलाच्या बॉयलरची वर्षाची सर्व्हिस चालू ठेवा आणि तो चालतो तोवर चालवा. तो गेला की हीट पंपाचा, म्हणजे बाहेरची उष्णता विजेच्या मदतीने घरात आणणाऱ्या यंत्राचा, विचार करा. सध्या इंग्लंड-वेल्समध्ये त्यावर ७,५०० पौंडांचे अनुदान आहे, ते इन्स्टॉलरच बिलातून वजा करतो, आणि मार्च २०२७ अखेरपर्यंत व्हॅट शून्य आहे. मल्टीफ्यूएल स्टोव्हला हे अनुदान मिळत नाही. मात्र हीट पंपाने बिल एकदम खाली येईल असे समजू नका. २६ पेन्सची वीज आणि एका युनिटमागे तीन युनिट उष्णता धरली तर युनिट पावणेनऊ पेन्सला पडते, तेलाच्या जवळपासच. खोलीनिहाय उष्णतेचा हिशेब मात्र आताच करून घ्या, म्हणजे ऐन जानेवारीत बॉयलर बंद पडला तर घाईने कुणाच्या तरी कोटेशनावर सही करावी लागणार नाही.

उरलेले पैसे कॅश आयएसएमध्ये (ब्रिटनमधले करमुक्त बचत खाते) असतील तर तिथेच राहू द्या. साताऱ्याला परतल्यावर एक गोष्ट विसरू नका: आयएसएचे व्याज ब्रिटनमध्ये करमुक्त असले तरी भारत त्याला तशी सूट देत नाही. परतल्यानंतर काही काळ ‘रेसिडेंट बट नॉट ऑर्डिनरिली रेसिडेंट’ या दर्जामुळे परदेशातल्या उत्पन्नावर भारतात कर लागत नाही. तो काळ संपण्याआधी आयएसएचे काय करायचे ते ठरवा.

तुमच्या मालकीचे दोन-तीन एकर रान असते, दिवसा कुणी घरी असते आणि त्या घरात आणखी पंधरा वर्षे राहायचे असते, तर माझे उत्तर वेगळे आले असते. तेव्हाही १,००० लिटरची टाकी आणि परतीचे पाणी ४५ अंशांखाली जाऊ न देणारा व्हॉल्व्ह यांशिवाय हो म्हटले नसते. थंडगार पाणी परत आले की बॉयलरच्या आतल्या भिंतींवर आम्लाचे दव धरते आणि पत्रा सडतो.