कॉम्प्युटर जोडताय? यादी खालून वर लिहा

प्रश्न: ताई, पहिल्यांदाच स्वतः डेस्कटॉप जोडणार आहे. १०८०पी वर गेम खेळायचेत आणि थोडं ब्लेंडर (थ्रीडी सॉफ्टवेअर) शिकायचंय. यादी अशी केलीय: ८ कोअरचा प्रोसेसर, लिक्विड कूलर, झेड सिरीजचा मदरबोर्ड, १६ जीबी रॅम, १ टीबी हार्डडिस्क, लाइटवालं कॅबिनेट आणि त्याच्यासोबत मिळणारा ४५० वॉटचा एसएमपीएस (वीज पुरवणारा डबा). पण आता ग्राफिक्स कार्डला पैसेच उरत नाहीयेत. कार्ड नंतर घेऊ का?

उत्तर: नको रे बाबा. गेममधे आणि ब्लेंडरच्या रेंडरमधे, म्हणजे शेवटचं चित्र तयार करताना, खरा घाम गाळतं ते कार्ड, आणि तू नेमकं त्यालाच उपाशी ठेवलंयस. यादी खालून वर लिही. मी गेमिंगच्या पीसीत एकूण पैशांचा तिसरा हिस्सा ते चाळीस टक्के आधी कार्डसाठी बाजूला काढते आणि उरलेल्यात बाकीचा संसार बसवते.

आता काय काय काढायचं ते बघ. लिक्विड कूलर पहिला. रायझन ५ ५६०० सारखा ६ कोअर १२ थ्रेडचा प्रोसेसर ६५ वॉटचा असतो, त्याचा कूलर बॉक्समधेच येतो, जरा आवाज करतो पण काम करतो, आणि १०८०पी ला ८ कोअरवाचून तुझं काहीही अडणार नाहीये. मग झेड सिरीजचा बोर्ड. हा इंटेलचा बोर्ड मुळात ओव्हरक्लॉकिंगवाल्यांसाठी, म्हणजे प्रोसेसर ठरलेल्या वेगापेक्षा जोरात पळवणाऱ्यांसाठी, इंटेलच्या प्रोसेसरच्या नावात 'के' नसेल तर त्याचा वेग वाढवायचा मल्टिप्लायर लॉकच असतो, म्हणजे ते पैसे पाण्यात. तुझ्या प्रोसेसरला बसेल असा बी सिरीजचा घे. हार्डडिस्कच्या जागी एनव्हीएमई एसएसडी (थेट बोर्डवर बसणारी वेगवान डिस्क) घे, ५०० जीबीची चालेल, कारण स्टोरेज नंतर कधीही वाढवता येतं. लाइटांबद्दल मी काही बोलत नाही, त्यांनी एफपीएस (गेममधे सेकंदाला दिसणाऱ्या फ्रेम) वाढत असते तर मीच आधी लावल्या असत्या.

काटकसर अशा गोष्टीत कर ज्या नंतर पाच मिनिटात बदलता येतात, म्हणजे एसएसडी, जास्तीची रॅम, फॅन वगैरे. बोर्ड आणि एसएमपीएस बदलायचा म्हणजे अख्खा डबा उचकटायचा, तिथे हात आखडू नकोस. त्यातही एसएमपीएस. कॅबिनेटसोबत आलेल्या त्या ४५० वॉटवाल्याचं लेबल एकदा वाच. प्रोसेसर आणि कार्ड दोघंही मुख्यतः १२ व्होल्टच्या लाइनवर जगतात, तर समजा त्या लाइनसमोर १६ अँपिअर लिहिलंय, १६ गुणिले १२ म्हणजे फक्त १९२ वॉट. रायझन ५६०० पूर्ण जोरात साधारण ७६ वॉट घेतो आणि आरटीएक्स ४०६० सारखं कार्ड ११५, झाले १९१, अजून फॅन आणि एसएसडी मोजलेच नाहीयेत. कार्डचा क्षणिक झटका तर याहून वर जातो. चांगल्या कंपनीचा खरा ५५० वॉटचा घेतलास तर असा पीसी निवांत चालतो आणि पुढचं कार्डही बहुतेक त्याच्यावरच निघतं. आणि हो, '८० प्लस'चा शिक्का वीज किती वाया जाते तेवढंच सांगतो, आतला माल टिकाऊ आहे की नाही ते नाही, त्यामुळे नुसता गोल्डचा स्टिकर बघून भुलू नकोस, वॉरंटी किती वर्षांची आहे तेही बघ.

राहिला प्रश्न सॉकेटचा, म्हणजे बोर्डवर प्रोसेसर बसतो त्या जागेचा. एएमडीच्या एएम४ सॉकेटवर २०१७ मधे रायझन आले तेव्हा बोर्ड घेतलेल्या बऱ्याच लोकांनी बायोस (बोर्डचं आतलं सॉफ्टवेअर) अपडेट करून २०२२ चा ५८००एक्स३डी प्रोसेसर त्याच बोर्डवर बसवला, इतका तो सॉकेट टिकला. पण आता तो म्हातारा झालाय. २०२२ मधे आलेल्या एएम५ वर फक्त डीडीआर५ रॅम चालते, खर्च जास्त, पण पुढे नुसता प्रोसेसर बदलायची सोय राहते. दोन-तीन वर्षांनी अपग्रेड करणारच असशील तर एएम५, एकदा घेऊन पाच वर्षं ढुंकून बघायचं नसेल तर एएम४ घेऊन वाचलेले पैसे कार्डात घाल. मी तुझ्या जागी असते तर एएम४ च घेतलं असतं. ब्लेंडरसाठी कार्ड एनव्हिडियाचं बघ, ब्लेंडरच्या सायकल्स रेंडरला एनव्हिडियाच्या ऑप्टिक्स तंत्राचा फायदा चांगला मिळतो, एएमडीची कार्डंही चालतात पण शिकताना डोक्याला ताप कमी हवा.

प्रश्न: १६ जीबीची एक रॅम घेऊ की ८-८ च्या दोन? एकच घेतली तर पुढे वाढवता येईल असं मित्र म्हणतो.

उत्तर: मित्राचं चूक नाहीये, पण तोपर्यंत तुम्ही अर्ध्या रस्त्यावर गाडी चालवणार. दोन स्टिक लावल्या की ड्युअल चॅनल चालू होतो आणि मेमरीचा रस्ता दुप्पट रुंद होतो. वेगळं ग्राफिक्स कार्ड नसेल तर हा फरक डोळ्यांना दिसतो, कारण प्रोसेसरमधलं ग्राफिक्स रॅमच वापरतं. चार स्लॉट असतील तर बहुतेक बोर्डवर प्रोसेसरपासून दुसऱ्या आणि चौथ्या स्लॉटमधे लावायच्या. आणि लावून झाल्यावर बायोसमधे जाऊन एक्सएमपी किंवा एक्स्पो (रॅम तिच्या पूर्ण वेगाने चालवायची सेटिंग) चालू करा, बरेच लोक हे विसरतात आणि ६००० ची डीडीआर५ रॅम घेऊन ४८०० वर चालवत बसतात, पैसे दिलेत ना त्याचे!

प्रश्न: माझ्याकडे रायझन ५ ५६००जी आहे, कार्ड नाही. कमी बजेटमधे सेकंडहँड आरएक्स ६५०० एक्सटी मिळतंय, गेम आणि स्क्रीन रेकॉर्डिंग दोन्ही होईल ना?

उत्तर: थांबा, पैसे देऊ नका अजून. या दोघांची पत्रिका अजिबात जुळत नाही. हे कार्ड पीसीआयईच्या, म्हणजे कार्ड आणि प्रोसेसरमधल्या रस्त्याच्या, फक्त ४ लेन वापरतं, पीसीआयई ४.० असेल तर कसंबसं निभावतं, पण ५६००जी प्रोसेसर ३.० वरच थांबतो, मग तुमचा बोर्ड कितीही नवा असो. त्यात कार्डची मेमरी बहुतेक ४ जीबी, ती भरली की त्या अरुंद रस्त्यावरून ये-जा सुरू होते आणि गेम अडखळतो. वर त्याच्यात व्हिडिओ एन्कोडरच नाही, म्हणजे रेकॉर्डिंगला त्याची काही मदत नाही. थोडं थांबून १६ किंवा निदान ८ लेनचं, ६ ते ८ जीबीवालं जुनं कार्ड शोधा. सेकंडहँड घेताना समोर बसून अर्धा तास जड गेम चालवून बघा, स्क्रीनवर ठिपके, पट्टे आले किंवा फॅन खरखरला की उठायचं.

प्रश्न: सगळं जोडलं, फॅन फिरतायत, लाइट लागलीय, पण स्क्रीन काळीच. रडायची वेळ आलीय. बोर्ड गेला का?

उत्तर: बोर्ड सहसा गेलेला नसतो, घाबरू नका. आधी एचडीएमआयची वायर कुठे लावलीय ते बघा, ग्राफिक्स कार्ड असेल तर वायर कार्डलाच लावायची, बोर्डला नाही. कार्ड नसेल आणि प्रोसेसरच्या नावात शेवटी 'एफ' असेल तर चित्र येणारच नाही, त्यात ग्राफिक्स नसतंच. रायझन ५००० मधे तर उलटं, 'जी' असेल तरच असतं. मग प्रोसेसरजवळची ८ पिनची वायर लावलीय का ते बघा, ती विसरली की फॅन फिरतात आणि बाकी शांतता. रॅम काढून पुन्हा दाबा, टक् आवाज यायला हवा. एएम५ असेल तर पहिल्यांदा चालू करताना रॅमचं ट्रेनिंग (मशीन रॅमशी जुळवून घेतं ते) होतं, त्याला काही मिनिटं लागू शकतात, तेवढ्यात बटण दाबून बंद करू नका.

एक मात्र बजावून सांगते, मॉड्युलर (वायरी सुट्या निघणाऱ्या) एसएमपीएसची जुनी वायर नव्या एसएमपीएसला लावू नका, टोकं तंतोतंत बसतात पण एसएमपीएसकडच्या बाजूच्या पिना वेगळ्या असू शकतात. मी एक अख्खी एसएसडी अशी घालवलीय, पाच सेकंदांत, आणि वायर बदलायचा कंटाळा एवढंच कारण.

प्रश्न: घरचा २०१६ चा पीसी फार हळू झालाय, फक्त इंटरनेट, बिलं भरणं आणि टायपिंग एवढंच काम. नवीन जोडून देतेस का बाळा?

उत्तर: काका, नवीन कशाला. आत हार्डडिस्क असेल तर तिच्या जागी साधी साटा एसएसडी टाका, सेकंदाला ५०० एमबीच्या आसपास वेग मिळतो आणि मशीन ओळखू येणार नाही. रॅम ४ जीबी असेल तर ८ करा. फक्त विंडोज १० चा नेहमीचा सपोर्ट (सुरक्षेचे अपडेट) १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला आणि विंडोज ११ च्या अधिकृत यादीत तेव्हाचे प्रोसेसर नाहीत, त्यामुळे तुम्ही त्याच्यावर बँकेचे व्यवहार करता म्हणून लिनक्स मिंट (विंडोजच्या जागी चालणारी सिस्टिम) टाकून द्यायला सांगा कोणाला तरी. ब्राउझर तोच, टायपिंगला लिब्रेऑफिस आहे, दोन दिवसांत हात बसेल. फोटो आणि कागदपत्रं आधी पेनड्राइव्हवर काढून ठेवा, एसएसडी टाकायला पीसी द्यायच्या आधी, नंतर नाही.