व्यायामात पायाचा कोणता स्नायू किती राबला, हे एमआरआयमध्ये दिसतं का?

हो, दिसतं, पण सहसा व्यायाम चालू असताना नाही, संपल्यावर लगेच. राबलेल्या स्नायूपेशींत चयापचयाचे पदार्थ साठतात, त्यांच्यामागोमाग पाणी आत ओढलं जातं आणि एमआरआयमध्ये मोजला जाणारा 'टी-२' हा काळ (सिग्नल ओसरायला लागणारा वेळ) वाढतो. त्यामुळे तो स्नायू चित्रात जास्त उजळ दिसतो. हा फरक हळूहळू ओसरतो, म्हणून व्यायाम स्कॅनरच्या जवळच करून घेतात आणि व्यायामाआधीच्या स्कॅनशी तुलना करतात.

मला यातलं सगळ्यात मोलाचं वाटतं ते खोलवरच्या स्नायूंबद्दल कळणं. त्वचेवर इलेक्ट्रोड लावून केलेल्या ईएमजीत (स्नायूंतल्या विद्युत संकेतांच्या नोंदीत) पोटरीचा वरचा स्नायू नीट कळतो, पण हाडालगतचा टिबियालिस पोस्टेरियर जवळजवळ हाती लागत नाही. एमआरआयमध्ये तो शेजारच्या स्नायूंपासून वेगळा ओळखता येतो.

पेट स्कॅनही वापरतात: किरणोत्सारी ग्लुकोज टोचून धावायला लावायचं, ते राबणाऱ्या स्नायूंत अडकतं, मग स्कॅन. त्यातल्या फ्लोरिन-१८ या किरणोत्सारी अणूचा अर्धायुकाल (किरणोत्सर्ग निम्मा व्हायला लागणारा वेळ) सुमारे ११० मिनिटं, त्यामुळे धावून झाल्यावर स्कॅन करायला वेळ मिळतो. पण शरीराला किरणोत्सर्ग सोसावा लागतो. निरोगी माणसांच्या अभ्यासासाठी मी एमआरआयच निवडेन.

स्नायूतंतूंची लांबी आणि कोन प्रत्यक्ष हालचालीत बदलताना पाहायचे असतील, तर मात्र अल्ट्रासाउंड.