सेन्सरने घटना कळवल्यावर कोणता रोबोट पाठवायचा: हंगेरियन पद्धत की लिलाव?

प्रश्न असा: सेन्सरने घटना कळवली की आठ रोबोटांपैकी कोणाला पाठवायचं, हे रेडिओवरून कसं ठरवायचं? घटना बहुधा एकेकटीच येते. मग सरळ लिलाव घ्या: कामाची घोषणा होते, रोबोट बोली लावतात, सर्वांत कमी बोलीचा जातो. कुन यांची 1955 ची हंगेरियन पद्धत (सगळे रोबोट आणि कामं एकत्र पाहून एकूण खर्च कमीत कमी ठेवणारी जुळवणी) की स्मिथ यांचा 1980 चा कॉन्ट्रॅक्ट नेट (घोषणा आणि बोल्यांनी काम वाटणं), या वादाने इथे फारसं काही ठरत नाही. घोळ होतो तो रेडिओवर.

"सगळे रोबोट बोली पाठवतात" या वाक्यातच गोम आहे. घोषणा ऐकताच सगळे एकदम बोलतात. एकमेकांना ऐकू न येणाऱ्या दोघांच्या फ्रेम (रेडिओवरचे संदेश) तिसऱ्यापाशी आदळतात आणि नेमकी सर्वांत चांगली बोली हरवू शकते. 802.15.4 या कमी ऊर्जेच्या रेडिओ मानकात ब्रॉडकास्टला, म्हणजे सर्वांना एकदम पाठवलेल्या संदेशाला, पोच नसते, म्हणून घोषणेपुरताच ब्रॉडकास्ट वापरा. घोषणा ज्याच्याकडून प्रथम ऐकली तो आपला पालक. बोली पोच मागून फक्त त्याच्याकडे पाठवायची. पालकाने मुलांच्या बोल्या आणि स्वतःची बोली ताडून एकच उत्तम बोली वर द्यायची. हॉप म्हणजे घोषणा आपल्यापर्यंत यायला लागलेले टप्पे. थांबायची वेळ: (कमाल हॉप वजा स्वतःचा हॉप) गुणिले सुमारे 50 मिलिसेकंद, म्हणजे टोकाचे आधी बोलतील. हे उलटं केलंत तर पालक मुलांची वाटच पाहत नाही.

बोली म्हणजे प्रत्यक्ष वाटेची लांबी. सिग्नलच्या ताकदीवरून अंतर काढू नका, एका भिंतीने ते आकडे फिरतात. आणि "बॅटरीला वजन देऊन अंतरात मिळवा" म्हणणाऱ्यांशी माझं जुनं भांडण आहे. मीटर आणि टक्के यांची बेरीज केली की बॅटरी संपत आलेला पण जवळचा रोबोट जिंकतो आणि वाटेत बंद पडतो. जाणं, काम आणि चार्जरपर्यंत परतणं, वर 20 टक्के राखीव, एवढी बॅटरी नसेल तर त्याने बोलीच लावू नये. बॅटरी ही अट आहे, किंमत नव्हे.

काम दिल्यावर विजेत्याची पोच घ्या. त्याने दर 10 सेकंदांनी "चालू आहे" कळवावं. तीनदा चुकलं की पुन्हा लिलाव. कामाचा क्रमांक सेन्सरचा आयडी आणि अनुक्रमांक मिळून करा. शेजारच्या दोन सेन्सरनी एकच घटना कळवली तर जागा आणि वेळ पाहून ती एकत्र करा, नाहीतर दोन रोबोट एकाच जागी पोचतील.

घटना एकदम अनेक आल्या तर मात्र एकेक लिलाव फसतो. अ ला दोन कामं 4 आणि 5 मीटरवर, ब ला तीच 5 आणि 20 वर असतील, तर लिलावाने एकूण 24 होतात, हंगेरियनने 10. अशा वेळी दोनेक सेकंद घटना साठवा आणि सगळ्या बोल्या एका जागी आणून सोडवा. पालकाने मग कुठलीच बोली गाळायची नाही. आठ रोबोट, आठ कामं, प्रत्येक आकडा दोन बाइट्सचा धरला तर 128 बाइट्स होतात, आणि फ्रेमची मर्यादा हेडरसकट (पत्ता वगैरे माहिती धरून) 127 आहे. अंतर पूर्ण मीटरमध्ये एका बाइटात लिहा. 64 बाइट्समध्ये काम होतं, 255 मीटरपर्यंत पुरतं.