घरी सिस्टर पाहिजे, सरकार देतं का?

प्रश्न : ताई नमस्कार. आई ७२ वर्षांची आहे, पॅरालिसिसचा अटॅक आला, डावी बाजू गेली, घरी आणून महिना झाला. नाकातून नळी आहे, लघवीसाठी कॅथेटर आहे, पडून पडून कमरेखाली बेडसोअर म्हणजे जखम झालीय. मी अंबडला कंपनीत, बायकोही कामाला जाते. एका ब्युरोकडून १२ तासांची 'सिस्टर' ठेवली, तिने परवा आईला आडवं ठेवूनच नळीतून दूध दिलं आणि असा ठसका लागला की ओठ निळे पडले. नंतर कळलं तिने नर्सिंग केलेलंच नाही. आयुष्मान कार्डावर घरी नर्स मिळते का?
एक वाचक, सिडको, नाशिक

उत्तर : दादा, आधी नळीचं बोलू. काहीही देताना आईला निदान ३०-४५ अंश उठवून ठेवा, दिल्यावरही अर्धा-पाऊण तास तसंच. आडवं ठेवून दिलं की दूध उलटून श्वासनळीत जातं, त्यातून न्यूमोनिया होतो. परवापासून ताप किंवा धाप असेल तर आजच डॉक्टरांना दाखवा.

आता कार्डाचं. नाही मिळत. २०२४ पासून ७० वर्षांपुढच्या सगळ्यांना उत्पन्न न बघता आयुष्मान लागू झालं, वर्षाला ५ लाखांपर्यंत, पण ते ऍडमिट झाल्यावरचं. डिस्चार्जनंतर १५ दिवसांची औषधं-तपासण्या त्यात धरल्यात, रोज घरी येणाऱ्या नर्सचा पगार नाही. मला याचा खरंच राग येतो, कारण पॅरालिसिसच्या पेशंटचं खरं काम घरी आल्यावरच सुरू होतं आणि आपली योजना हॉस्पिटलच्या गेटवर थांबते. केरळने २००८ मध्ये पॅलिएटिव्ह केअरचं, म्हणजे मोठ्या आजारात पेशंटचा त्रास कमी करणाऱ्या देखभालीचं धोरण केलं, तिथे स्थानिक पंचायतींमार्फत नर्स घरी येऊन ड्रेसिंग, कॅथेटर बघते. मग आपल्याकडे का नको?

तरी हात रिकामे नाहीत. ज्येष्ठांच्या आरोग्याचा राष्ट्रीय कार्यक्रम २०१०-११ पासून चालू आहे, अंथरुणाला खिळलेल्यांना घरी जाऊन बघायचं त्यात लिहिलेलं आहे. म्हणून मनपाच्या जवळच्या आरोग्य केंद्रात डिस्चार्ज कार्ड घेऊन जा, आशाताईंना गाठा, आईचं नाव लिहून घ्यायला लावा आणि एक लेखी अर्जही द्या, तोंडी सांगितलेलं विसरलं जातं. त्र्यंबक नाक्यावरच्या सिव्हिललाही पॅलिएटिव्ह केअरची चौकशी करा, ती फक्त कॅन्सरवाल्यांसाठी नसते. रोज कोणी येईल अशी आशा मात्र धरू नका.

ब्युरोला सरळ विचारा, एएनएम का जीएनएम? हे नर्सिंगचे कोर्स, पहिला २ वर्षांचा, दुसरा ३ वर्षांचा, आणि महाराष्ट्र नर्सिंग कौन्सिलचा रजिस्ट्रेशन नंबर मागा. नंबर नाही म्हणजे ती मदतनीस, मग अंघोळ, कपडे, कूस बदलणं तिच्याकडे द्या, नळी-कॅथेटरला हात लावू देऊ नका. पैशाचा ताण असेल तर असंच करा, दिवसभर मदतनीस आणि ड्रेसिंग-कॅथेटरपुरती शिकलेली नर्स ठराविक दिवशी. नळीतून भरवायचं तुम्ही दोघंही शिकून घ्या, जिथे आई ऍडमिट होती तिथल्या वॉर्डातल्या सिस्टरला हाताने करून दाखवायला सांगा, लाजू नका.

बेडसोअरला पावडर वगैरे लावू नका. दर २ तासांनी कूस बदला, रात्रीसुद्धा, गजर लावून. जखम काळी पडली, वास आला किंवा ताप चढला तर ब्युरोच्या बाईची वाट न बघता आईला दवाखान्यात न्या.