दाढेचा ठणका आणि रूट कॅनाल : वाचकांच्या प्रश्नांना उत्तरे

रात्री आडवं झालं की दाढ ठणकते. गरम चहाची कळ पंधरा मिनिटं जात नाही. मेडिकलमधून अँटिबायोटिक आणून पाच दिवस घेतलं, काडीचा फरक नाही. — एक वाचक, सातारा

फरक पडणारच नव्हता. आपण जिला 'दाताची नस' म्हणतो, तो खरं तर रक्तवाहिन्या, मज्जातंतू आणि मऊ पेशींचा पुंजका असतो, चारी बाजूंनी कठीण भिंतीत कोंडलेला. बोट सुजलं तर कातडी ताणून जागा देते. दाताच्या आत सुजेला जागाच नसते. त्यात आडवं झालं की डोक्याकडचा रक्ताचा दाब वाढतो, म्हणून ठणका नेमका रात्री. या सुजेवर अँटिबायोटिक चालत नाही. गाल सुजला, ताप आला तर ते लागतं, तेही डॉक्टरांनी ठरवून.

गार पाण्याची सणक येऊन लगेच विरत असेल, तर कीड काढून सिमेंट भरण्यावर अनेकदा भागतं. गरमाने कळ उठून रेंगाळते, तेव्हा नस बहुधा वाचण्यापलीकडे गेलेली असते. मग रूट कॅनाल करावं लागतं, म्हणजे ती नस काढून मुळांमधल्या नळ्या साफ करून बंद करायच्या. लवंगेचं तेल तात्पुरतं बधिर करतं, पण बोळा हिरडीला लागला तर ती भाजते. मशेरी किंवा तंबाखू दाबून ठेवू नका, हे वेगळं सांगायला नको, तरी सांगतो.

आठ दिवस जीव नकोसा झाला, मग दुखणं आपोआप थांबलं. आता हिरडीवर अधूनमधून पुळी येते, फुटते, तोंड खारट होतं. दुखत नाही, तर रूट कॅनाल कशाला? — डोंबिवली

दुखायला नस जिवंत असावी लागते. तुमची मेली, म्हणून शांतता आहे. जंतू मात्र आतच आहेत. ते मुळाच्या टोकातून हाडात उतरतात, पू होतो आणि पुळीतून वाट काढतो. वाट मोकळी म्हणून ठणका नाही, एवढंच. एक्स-रेमध्ये मुळाच्या टोकाशी काळसर डाग दिसेल. ही वाट बंद झाली की एका रात्रीत गाल सुजू शकतो. जबड्याखाली सूज, तोंड उघडेना, गिळताना किंवा श्वास घेताना त्रास, असं काही झालं तर अपॉइंटमेंटची वाट न पाहता थेट हॉस्पिटल गाठा.

नेमकं काय करतात? भूल चढतच नाही म्हणतात, भीती वाटते. — नाशिक

भूल दिल्यावर दातावर रबराचा पातळ पडदा ताणून बसवतात, म्हणजे लाळ आत जात नाही आणि औषध घशात उतरत नाही. मग वरून छिद्र पाडून केसासारख्या बारीक फाइल्सनी, म्हणजे कानशीसारख्या सुयांनी, मुळांमधल्या नळ्या साफ करतात. मध्ये मध्ये सोडियम हायपोक्लोराइटने धुतात; पोहण्याच्या तलावासारखा वास येतो तो त्याचाच. शेवटी गुलाबी काड्या, म्हणजे गटापर्चा, भरून नळ्या बंद करतात. गटापर्चा म्हणजे मलायातल्या एका झाडाचा चीक!

वरच्या पहिल्या दाढेत बहुतेकदा 4 नळ्या असतात आणि चौथी लपलेली असते. ती राहून गेली तर दुखणं पुन्हा डोकं वर काढतं. म्हणून डॉक्टर तासभर खुडबुडत बसले तर वैतागू नका.

भुलीचं म्हणाल, तर खालची दाढ फार सुजलेली असताना पहिलं इंजेक्शन कधीकधी खरंच पुरत नाही. सहन करत बसू नका, डावा हात वर करा. आणखी भूल देता येते, दाताशेजारी किंवा थेट नसेतही. नंतर दोन-चार दिवस चावताना दुखरं वाटतं, ते स्वाभाविक आहे.

कॅप नाही बसवली तर? — कोल्हापूर

पुढच्या दाताला कधी चालून जातं. दाढेला चालत नाही. ती आतून पोखरलेली असते. चिक्कीचा एक तुकडा आणि दाढ उभी चिरते. चीर मुळापर्यंत गेली की काढण्यावाचून इलाज नाही, आणि केलेला सगळा खर्च पाण्यात.

आई 72 वर्षांची आहे. दाढ काढली तर डोळे जातात, असं ती म्हणते. — नांदेड

नाही जात. दृष्टीची नस वेगळी, दाताची वेगळी. वयामुळेही रूट कॅनाल अडत नाही. हिरडीच्या वर पुरेसा दात शिल्लक असेल तर आधी तो वाचवायचं बघा. नुसती मुळंच उरली असतील तर काढून टाका. बीपी, साखरेच्या गोळ्यांची चिठ्ठी सोबत न्या. रक्त पातळ करणारी गोळी मात्र आपल्या मनाने बंद करू नका.