वाचकांचे प्रश्न: ट्यूबवर ‘ह्युमन’ लिहिलंय, म्हणजे ते आलं कुठून?

प्रश्न: माझी मुलगी एम.एस्सी. बायोटेक करतेय. तिच्या लॅबमध्ये ‘रिकॉम्बिनंट ह्युमन एपीई१’ नावाचं डीएनए दुरुस्त करणारं एन्झाइम मागवलंय. ते काय माणसाच्या रक्तातून काढतात का? आणि दुरुस्तीच करतं तर औषध म्हणून का देत नाहीत? तिची पण एक शंका, एन्झाइम घालूनही डीएनए कापलाच जात नाहीये.
– एक आई, सांगली

उत्तर: ताई, रक्ताबिक्ताचा काही संबंध नाही. माणसाचा फक्त जीन घेतात, तो ई. कोलाय नावाच्या बॅक्टेरियात घालतात, मग बॅक्टेरिया वाढतात आणि ते प्रोटीन बनवून देतात, त्यांना फोडून ते वेगळं काढायचं. इन्सुलिन पण असंच बनतं.

आपल्या प्रत्येक पेशीत रोज अंदाजे १० हजार ठिकाणी डीएनएचं एखादं अक्षर आपोआप गळून पडतं, दात पडल्यावर हिरडीत खाच राहते तशी मोकळी जागा राहते. एपीई१ ती जागा ओळखून तिथे साखळीला एका बाजूने काप देतं, बस्स एवढंच. पुढे भरायचं काम पॉलिमरेजचं आणि सांधायचं लायगेजचं. या सगळ्या रिपेअरची सुरुवातीची उकल टोमास लिंडाल यांनी केली, त्यांना २०१५ चं केमिस्ट्रीचं नोबेल मिळालं, पॉल मॉड्रिच आणि अझीझ सांजार यांच्यासोबत.

आता लेबलवर ‘प्युरिफाइड’ का लिहितात ते बघा. ई. कोलायकडे अगदी हेच काम करणारी स्वतःची एन्झाइम्स असतात, एक्सोन्यूक्लिएज थ्री त्यातलं मुख्य. ते चिमूटभर जरी मागे राहिलं तरी काप कुणी दिला, माणसाच्या एन्झाइमने की बॅक्टेरियाच्या, कळायचं कसं? शुद्धीकरणाची खरी डोकेदुखी ही, आणि किंमत बरीचशी तिथेच चढते.

औषधाचं म्हणाल तर असं बाहेरून टोचलेलं प्रोटीन पेशीच्या आत जात नाही सहजासहजी. उलट कॅन्सरवर संशोधन करणारे एपीई१ ला रोखायचं कसं यावर काम करतायत, कारण केमोने झालेलं नुकसान कॅन्सरची पेशी याच्याच मदतीने भरून काढते.

लेकीला विचारा, आधी डीएनएतलं युरॅसिल नावाचं अक्षर काढून तशी मोकळी जागा तयार करणारं एन्झाइम वापरून त्याच ट्यूबमध्ये एपीई१ घालतेय का? मला तीच शंका येतेय. त्या पहिल्या एन्झाइमला मॅग्नेशियम लागत नाही, त्याच्या बफरमध्ये, म्हणजे ते ज्या द्रावणात काम करतं त्यात, बऱ्याचदा मॅग्नेशियम पकडून ठेवणारं ईडीटीए असतं आणि मॅग्नेशियम नसतंच, आणि एपीई१ मॅग्नेशियमशिवाय हलत नाही. मग बिचारं एन्झाइम चांगलं असून बदनाम! एपीई१ चा स्वतःचा बफर घाल म्हणावं.

अजून एक, डीएनएचे तुकडे लांबीनुसार वेगळे करणाऱ्या जेलवर एक बिनएन्झाइमची लेन (रांग) लावायचीच. अशा मोकळ्या जागा उष्णतेने पण तुटतात, त्यामुळे जेलवर टाकायच्या आधी ९५ अंशाला तापवलं की एन्झाइम नसतानाही कापल्यासारखा बँड (तुकड्याचा पट्टा) दिसू शकतो आणि मुलं खूश होतात उगाच.

ट्यूब उणे २० ला, पण डिफ्रॉस्ट होणाऱ्या घरगुती फ्रीझरमध्ये नको, तिथे तापमान खालीवर होत राहतं. आत निम्मं ग्लिसरॉल असतं म्हणून ते गोठत नाही, खराब झालं समजून फेकू नका. आणि घट्ट असल्याने पिपेटच्या टोकाला बाहेरून चिकटतं, तेव्हा टोक जेमतेम बुडवायचं.